ढोरं हाकलली तरी परत रोडवरच येऊन बसतात? आधी कारण पकडा, मग दावं

पाऊस लागला की दरवर्षी तेच. दिवेलागण झाली की फाट्यापासून पुलापर्यंत ढोरं रोडवर पसरलेली, काही डिव्हायडरच्या कडेला, काही भर लेनमध्ये, आणि एखादी म्हैस नेमकी वळणावर, डांबरही काळं आणि तीही काळी. पोरं काठ्या घेऊन जातात, हाकलतात, अर्ध्या तासात सगळी परत जागेवर. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतो, खाली कोणीतरी लिहिते "कोणाचे ढोरं हायेत बे हे, बांधा ना घरी", त्यावर दोन अंगठे येतात, मालक कोणीच नसतो. सकाळी दूध काढायच्या टायमाला मात्र प्रत्येक गाईला मालक सापडतो.

आपण सरसकट मोकाट म्हणून मोकळे होतो. पण आमच्याकडे, म्हणजे नागपूर-तुळजापूर हायवेला लागून कळंब, यवतमाळ, आर्णीकडची जी गावं आहेत तिथं, रोडवर दिसणारी बहुतेक ढोरं कोणाच्या ना कोणाच्या दावणीची असतात, कानात पिवळा टॅग असतो, वासराला आवाज दिला तर ओ देतात. ती रोडवर येतात म्हणजे गोठ्यात, चाऱ्यात नाहीतर बांधण्यात काहीतरी बिघडलेलं आहे, आणि हा बिघाड प्रत्येक घरी वेगळा असतो. म्हणून "सर्वांनी आपापली जनावरं बांधून ठेवावी" अशी दवंडी दिली तर चार दिवस फरक पडते, पाचव्या दिवशी रोड भरला. आपल्या ढोराचं नेमकं काय चाललंय ते आधी शोधा. कोणत्या महिन्यात येते, कोणत्या टायमाला येते, दर वेळी तेच ढोर आहे का वेगवेगळी, एवढं पाहिलं तरी बरंच कळते.

आणि दाव्याचं टोक पाहा. हे कोणी सांगत नाही पण अर्धं निदान तिथंच होते.

सकाळी गोठ्यात जाऊन तुटलेलं दावं हातात घ्या. धागे पिंजून लांबलांब सुटलेले असतील तर दावं कडीवर घासून तुटलं, म्हणजे खुंट्याच्या कडीला गंज चढून धार आली आहे, तिथं कितीही महागाचा नायलॉन दोर आणा, महिन्यादोन महिन्यात तेच होणार, कडी बदला आणि जमलं तर फिरती कडी लावा म्हणजे दोराला पीळ बसत नाही. टोक ओलं, चिपटलेलं, लाळेनं चिकट असेल तर ते चघळलं आहे, बहुतेक वेळा बाजूला बांधलेल्या बकरीनं, तिला हलकी साखळी लावा आणि दोघींच्या मधात अंतर ठेवा. कापलेली जागा एकदम साफ दिसली तर तो विळ्याचा घाव आहे, मग विषय ढोराचा नाही, ज्याच्या वावरात ते गेलं होतं त्याच्याशी बोला. दावं अख्खं, गाठ जागेवर, फास रिकामा, असं असेल तर फास सैल होता नाहीतर ढोर वाळलं आहे, मान बारीक झाली, आणि ते दुसरं असेल तर जंताचं औषध आणि खुराक पाहा. खुंटाच उपटून गळ्यात लोंबत असेल तर पावसानं जमीन सुटली, लाकडी खुंटा ओल्या मातीत धरत नाही, जुना लोखंडी अँगल दोन-अडीच फूट खाली ठोकून भोवती मुरूम आणि दगड दाबा.

शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त सापडते. दावं खुंट्याला नीट गुंडाळून ठेवलेलं. तिथं दाव्याचा काही दोष नाही, ढोर सोडलेलं आहे. ते काहून सोडलं त्यावर खाली येतोच.

जून ते सप्टेंबर, अंधार पडल्यावर

हा सगळ्यात मोठा मामला. लोक म्हणतात ढोराला रोडचा नाद लागला. नाद बिद काही नाही. गाईला दिवसातून दहा-बारा तास बसायला पाहिजे आणि सात-आठ तास ती रवंथ करते, त्यातलं बरंचसं बसून. पावसाळ्यात गोठ्यात मूत-शेणाचा चिखल, आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमायच्या मोकळ्या जागेवर, चिखल, धुऱ्यावर म्हणजे बांधावर गवत ओलं, अशात कोरडी आणि थोडी गरम जागा एकच उरते, ती म्हणजे डांबर. दिवसभराचा ताप त्यात धरून राहते. वरून ट्रक गेले की हवा लागते, त्यानं डास आणि गोमाश्या अंगावर ठरत नाहीत. गाईच्या हिशेबानं तिनं एक नंबर जागा निवडली आहे, तुम्ही काठीनं हाकलून तिला परत चिखलात पाठवता, ती काहून जाईल?

तिला रोडपेक्षा बरी जागा घरी द्या. त्याला सिमेंटचा गोठाच लागते असं नाही. पाऊस लागायच्या आधी एक-दोन ट्रॉली मुरूम टाकून गोठ्याची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा अर्धा-पाऊण फूट उचला, मागच्या बाजूला उतार द्या आणि त्या उताराच्या पायथ्याशी हातभर रुंद नाली काढा म्हणजे मूत बाहेर जाईल. नाली काढली पण तिचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीला बंद, असे गोठे मी लय पाहिले. रोज संध्याकाळी शेण उचलून वर जाडं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) नाहीतर पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या काड्यांचा भुगा टाका, भंडारा-गोंदियाकडे तनस म्हणजे धानाचा पेंढा टाकतात, तेही चालते. टिनाच्या एका बाजूनं हवा खेळली पाहिजे, चारी बाजूंनी ताडपत्री लावून बंद केलेल्या गोठ्यात उबारा कोंडते आणि गोमाश्या वाढतात, मग दावं असलं तरी गाय रात्रभर पाय आपटते. कडूनिंबाच्या पाल्याचा धूर करा, पण घमेल्यात करा, आणि कुटाराच्या ढिगाऱ्यापासून दूर, दरवर्षी कोणाचा तरी गोठा यातच जळते.

याच महिन्यांत दुसरं कारण भिडते. पेरण्या झाल्या की वावरं बंद होतात. कपाशी, सोयाबीन, तूर, जिकडं पाहावं तिकडं पीक, जो तो आपल्या धुऱ्यावर काठी घेऊन उभा, ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची जागा बऱ्याच गावांत वहितीत गेलेली. त्यात आता रानडुकरासाठी सोलरचं झटका मशीन आलं, ते चांगलंच आहे, पण ढोराला एकदा झटका बसला की ते तारेपासून फिरते ते सरळ हायवेच्या साइडपट्टीवर, तिथलं गवत कोणाचंच नसते. तारा लावताना पांदणीकडची वाट मोकळी ठेवा म्हणजे ढोराला गावाकडे परत यायला जागा राहील. आणि झटका मशीन न घेता लाईनवरून सरळ करंट सोडणाऱ्यांना काय सांगाव, त्यात ढोरं मरतात, माणसं मरतात, आणि केस लागते ती वेगळीच.

एकच गाय, दर तीन आठवड्यांनी

बाकी महिनाभर गरीब असलेली गाय एका रात्री दावं तोडून पळते, पाठीमागं दोन-तीन गोऱ्हे, आणि सगळी वरात हायवेवर. कॅलेंडरवर तारखेला गोल करा. पुढचा पळण्याचा दिवस साधारण २१ दिवसांनी आला तर ती माजावर येऊन पळते, दोर बदलून काही होणार नाही. रात्री हंबरणं, दूध कमी होणं, मागून चिकट पारदर्शक तार सुटणं, हे दिसलं की त्या दिवशी दुहेरी बांधा आणि भरवायचा, म्हणजे गाय फळवायचा निरोप द्या. माज साधारण १२ ते १८ तासच टिकतो, म्हणून सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची. गाभण राहिली की पळणं आपोआप बंद. वारंवार उलटत असेल, म्हणजे भरवूनही गाभण राहत नसेल तर डॉक्टरला दाखवा, कारण तोवर दर तीन आठवड्यांनी रोडवर हाच तमाशा होणार.

दिवाळीच्या आगेमागे आणि उन्हाळ्यात

सोयाबीन निघालं की आपण ते वाळवायला रोडवर टाकतो. सर्व्हिस रोडची अर्धी लेन दगड मांडून अडवलेली, रात्री ते दगड तसेच. सोयाबीन उचललं तरी दाणे फटीत राहतात, शेंगांचा कचरा कडेला राहतो, आणि ढोरांना ती जागा पाठ होते, पुढचे कितीतरी दिवस ती तिथं फेरी मारतात. दाणे जास्त खाल्ले तर पोट फुगून मरतात ते अजून वेगळं. वाळवण घराच्या गच्चीवर, शाळेच्या मैदानावर, ताडपत्रीवर करा. रोडवर टाकलंच असेल तर उचलल्यावर झाडून घ्या आणि दगड बाजूला फेका, हे दोन मिनिटांचं काम आहे, पण होत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर, हरभरा निघाला की ढोरं सोडून द्यायची, मृगापर्यंत कोणी विचारायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. रीत पडली तेव्हा गावातून बैलबंडी जायची, आता तिथून चौपदरी जाते. उन्हाळ्यात ढोर रोड ओलांडते ते पाण्यासाठी. एका गाईला उन्हात पन्नास-साठ लिटर पाणी लागते, दुधाची असेल तर त्याहून जास्त, आणि हौद रोडच्या त्या बाजूला असेल तर ती दिवसातून दोनदा जाणारच, अडवून पाहा. इथं उपाय एकच, आखराच्या बाजूला हौद बांधा, नसेल बजेट तर जुन्या टायरची नाहीतर सिमेंटची टाकी ठेवा, पाणी कोण भरणार हे आधी ठरवा, मग टाकी आणा. हायवेखालून बोगदा दिला असेल तर तो वापरात आणा. ढोरं अंधाऱ्या बोगद्यात शिरत नाहीत, त्यात पाणी साचलेलं असेल तर अजिबातच नाही. गाळ काढून, खाली मुरूम आणि थोडं कुटार टाकून, घंटीवाली म्होरकी गाय आधी नेली की बाकीच्या मागून येतात.

बकऱ्यांचं एप्रिल-मेमध्ये पाहा. रोडच्या कडेच्या बाभळीच्या शेंगा पडतात आणि बकरी त्यासाठी काहीही करते, ट्रकपुढं मान घालते. शेंगा सकाळी वेचून पोत्यात आणून घरी टाका. पोरांना सांगितलं की होते, फक्त पोरांना रोडपासून दूर, वावराच्या बाजूनं वेचायला लावा.

बारा महिने एकाच जागी ढोरं जमत असतील, फाट्यावर, हॉटेलच्या मागं, बाजाराच्या ओट्याजवळ, तर तिथं उकिरडा आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सडकी भाजी, हॉटेलची शिळी पोळी, प्लास्टिकसकट. हॉटेलवाल्याला ड्रम ठेवायला लावा आणि ते उष्टं कोण नेते ते ठरवून द्या. पण एखादी गाय प्लास्टिक, चिंध्या, हाडं, माती चघळत असेल तर भुकेपेक्षा वेगळी गोष्ट आहे, अंगात फॉस्फरस आणि खनिजं कमी पडली की जनावर असं करते. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर आणि थोडं मीठ ढेपेत कालवून द्या, जंताचं औषध द्या. महिना-दीड महिना नेटानं केलं तर बहुतेक जनावरांचा उकिरड्याचा सोस कमी होते.

"बांधून ठेवलं तं खाऊ काय घालू?"

हा सवाल बरोबर आहे आणि याला उत्तर न देता ढोरवाल्याला शिव्या देणाऱ्यांचं मला पटत नाही. आधी गावाला ढोरकी होता. सकाळी आखरावर ढोरं जमायची, तो घेऊन जायचा, संध्याकाळी आणून सोडायचा, वर्षाला ठरलेली जवारी नाहीतर धान मिळायचं. आता ढोरकी नाही, त्याचा पोरगा पुण्याला कंपनीत. म्हणून सकाळी दूध काढून गाय सोडून द्यायची, संध्याकाळी आली तर आली. जिथं दहा-पंधरा घरांनी पैसे जमवून माणूस ठेवला तिथं रोडवरची ढोरं खरंच कमी झाली, हे मी आमच्या आजूबाजूच्या गावांत पाहिलं. हिशेब सोपा आहे, शंभर ढोरं आणि ढोरामागं महिन्याला दोनशे रुपये धरले तर वीस हजार होतात, दोघांत वाटून दिले तरी शेतमजुरीला पर्याय होऊ शकते. अडते कुठं, तर पैसे द्यायच्या वेळी प्रत्येकाची गाय "आता तर आटली ना भाऊ, तिचे काहून देऊ". म्हणून दुधाचा आणि ढोरकीचा संबंध ठेवू नका, कानातल्या टॅगमागं पैसे लावा आणि तीन महिन्यांचे आधी घ्या.

चाऱ्याचं म्हणाल तर तीनशे किलोच्या गावरान गाईला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा पुरते. हार्वेस्टरनं सोयाबीन काढलं की कुटार वावरातच उडून जाते, मळणीयंत्रानं काढलं तर ढीग मिळते. घरी ढोरं असतील तर निदान दोन एकर तरी मळणीयंत्रानं काढा. तुरीचं कुटार विकू नका, ते ढोरं सगळ्यात आवडीनं खातात. बोअरच्या सांडपाण्यावर गुंठा-दोन गुंठे संकरित नेपियर लावलं की हिरव्याची सोय होते.

उरतात गोऱ्हे आणि म्हातारे बैल. इथं खरंच अवघड आहे. राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, त्याच काळात ट्रॅक्टरनं बैल वखरावरून काढला, आणि जर्सीच्या गोऱ्ह्याला तर शेतात कोणी आधीही विचारत नव्हतं. पोसणं परवडत नाही, विकणं होत नाही, मग रात्री दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतात. तिकडचे लोक त्यांची आणून इकडं सोडतात. जे गोऱ्हे अजून जन्मलेच नाहीत त्यांच्यावर उपाय आहे, गाय भरवताना लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा मागा, त्यात कालवड होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. जे आहेत त्यांचं खच्चीकरण करून घ्या, म्हणजे निदान माजावरच्या गाईमागं रोडवर धावणार नाहीत. गोशाळेला विचारा, राज्य सरकारनं २०२४ मध्ये गोशाळांमधल्या देशी गाईंना दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केलं, गाईला जागा मिळू शकते, बैलाला मात्र गोशाळावालेही लवकर हो म्हणत नाहीत.

कुत्र्याचं थोडक्यात सांगतो. घरचं कुत्रं गाडीमागं धावते कारण ते दिवसभर बांधलेलं असते आणि रात्री सुटते, नाहीतर त्याला जेवण रोडच्या बाजूनं टाकतात आणि तेवढा तुकडा त्याला आपला इलाका वाटते. भांडं घराच्या मागं ठेवा, सकाळ-संध्याकाळ पट्ट्यानं फिरवा. नसबंदी केली की भटकणं बरंच कमी होते. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दरवर्षी. आणि पिल्लं पोत्यात भरून फाट्यावर सोडू नका, आठ दिवसांत त्यातलं एखादंच उरते.

तोवर रात्री दिसलं तर पाहिजे

वरचं सगळं एका पावसाळ्यात होत नाही. म्हणून रेडियम, म्हणजे लाईट पडला की चमकणारी टेप. साठच्या स्पीडनं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. ढोर दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत वीस-पंचवीस मीटर गेले, ओल्या रोडवर थांबायला अजून पंचवीस-तीस, म्हणजे पन्नास मीटर पकडून चाला. गाडीचा लाईट डिपरवर असेल तर बसलेली म्हैस तेवढ्या लांबून बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि समोरून फुल लाईटची गाडी आली तर विषयच संपला. डोळे चमकतात म्हणतात, पण ढोर तुमच्याकडे तोंड करून बसलं असेल तरच ना.

नुसता गळ्यात पट्टा बांधून फोटो काढतात ते अर्धंच काम आहे. ढोर बसून मान पोटाकडे वळवते तेव्हा पट्टा दडतो. म्हणून शिंगाला पण गुंडाळा, दोन्ही शिंगांना, टोकाच्या थोडं खाली, आधी शिंग कोरड्या फडक्यानं पुसून तेल काढा नाहीतर दोन दिवसांत सुटते. चांगल्या प्रतीची, मधमाशीच्या पोळ्याची जाळी दिसते तशी टेप घ्या, नुसता चमकीचा कागद रात्री काही कामाचा नाही. गळ्याच्या पट्ट्यात दोन बोटं शिरली पाहिजेत, वासराचा दर महिन्याला सैल करा. चिखल बसला की पुसा. पोळ्याला आपण बैलाची शिंगं घासतो, रंगवतो, बेगड लावतो, त्याच दिवशी रेडियम लावायची पद्धत पाडली तर लक्षात राहते, पण बैल पोळ्याला सजते आणि रोडवर बसते गाय, तेव्हा तिचंही शिंग धरा. बंडीच्या मागं पण लावा.

गाडीवाल्यांना एवढंच, ढोर चालत असेल तर त्याच्या मागून काढा, पुढून नाही, ते पुढंच जाणार आहे. वासरू एकटं ओलांडताना दिसलं तर थांबा, माय मागं आहे.

धडक झालीच तर

आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, इंडिकेटर चालू, दूरवर एक माणूस मोबाईलचा टॉर्च घेऊन, कारण दुसरी धडक पहिलीपेक्षा वाईट होते. माणूस लागला असेल तर ११२, नॅशनल हायवे असेल तर १०३३, ढोरासाठी १९६२ वर फिरता दवाखाना. पडलेल्या ढोराला शेपटी धरून ओढू नका, तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाते. आडवं पडून राहिलं तर पोट फुगून जीव जातो, म्हणून पाठीच्या बाजूनं जाऊन दोन-तीन माणसांनी त्याला छातीवर बसतं करा आणि दोन्ही बाजूंनी पोत्यांचा टेका द्या. हलवायचं असेल तर ताडपत्रीवर घेऊन. पायांच्या बाजूला उभं राहायचं नाही, अर्धमेलं ढोर पण लाथ जोरात मारते.

टॅगचा नंबर दिसेल असा फोटो तिथंच काढा. विमा असेल तर टॅगशिवाय क्लेम मिळत नाही, आणि कंपनीला उशिरा कळवलं तर ते तेच कारण धरतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याला हप्त्याचा १५ टक्केच हिस्सा भरावा लागते, तरी विमा काढलेली गाय आमच्याकडे शोधून सापडत नाही. टॅग तर तसाही लागतोच, १ जून २०२४ पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे.

कायद्याचं विचारतात म्हणून. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातही गुन्हा आहे, त्याचा पहिल्या वेळचा दंड मात्र अजून दहा ते पन्नास रुपये, म्हणजे चहा-पोह्याचे पैसे. सुप्रीम कोर्टानं ७ नोव्हेंबर २०२५ ला हायवेवरची मोकाट जनावरं हटवून गोशाळेत ठेवायचे आदेश राज्यांना आणि हायवे प्राधिकरणाला दिले, त्यामुळं आता ग्रामपंचायतीनं लेखी पत्र दिलं तर टोलवाल्यांना टाळता येत नाही. तोंडी सांगू नका, पत्राची पोच घ्या.

गावात कोंडवाडा असेल, बहुतेक ठिकाणी त्यात सध्या पंचायतीचं भंगार ठेवलं आहे, तर तो मोकळा करा.  कोंडलेलं ढोर ठरलेल्या मुदतीत कोणी सोडवलं नाही तर लिलाव. कोंडवाडा सुरू करताना दंड किती यावर ग्रामसभेत तीन तास भांडण होते, चारा आणि पाणी कोण टाकणार यावर एक मिनिट पण बोलत नाहीत, आणि बंद पडते ते त्याच्याच पायी. आधी चाऱ्याचा माणूस ठरवा आणि त्याचा पगार दंडातून नाही, पंचायतीच्या खात्यातून लावा. पहिलं ढोर पंचायत सदस्याचं कोंडलं तर बाकीच्यांना समजावायची गरज राहत नाही. एका गावात तसंच झालं, सरपंचाच्या भावाची म्हैस होती, तो आला, पावती फाडली, काही न बोलता म्हैस घेऊन गेला.